नीटच्या गुणांइतकीच फाइलही लागते: नाशिकच्या मुलांसाठी मेडिकल प्रवेशाची वाट

मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दिंडोरी तालुक्यातली एक मुलगी होती. गुण चांगले होते आणि ओबीसी प्रवर्गातून तिला एमबीबीएस मिळणार हे जवळपास नक्की होतं. पण जात वैधतेचा अर्ज तिच्या घरच्यांनी बारावीचा निकाल लागल्यावर केला. प्रमाणपत्र मुदतीत हातात आलं नाही, ती खुल्या प्रवर्गात गेली आणि जागा हुकली. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी तिला एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं: "व्हॅलिडिटीचा अर्ज आत्ताच टाक." ते मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी अकरावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना समोर बसवून जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक सकाळ दवाखान्यात घालवा

क्लासची फी भरण्याआधी हे करा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात सकाळी नऊ ते बारा या वेळात ओपीडीच्या बाहेर बसा. केसपेपरची रांग, स्ट्रेचर, रडणारी मुलं, एकेका रुग्णाला मिळणारा वेळ हे सगळं डोळ्यांनी पाहा. ओळखीतला कोणी इंटर्न भेटला तर त्याला त्याचा दिवस विचारा. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमडी किंवा एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं. म्हणजे आज सतरा वर्षांचं असलेलं मूल तिशीच्या उंबरठ्यावर स्थिरावतं. हे घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्या, विशेषतः जिथे धाकटी भावंडं आहेत आणि उत्पन्न द्राक्षबागेवर किंवा कांद्याच्या भावावर चालतं तिथे.

अकरावी-बारावी कुठे करायची

इथे चूक झाली तर ती नंतर दुरुस्त होत नाही. राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण असावी लागते. सरकारी आणि सैन्यदलातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण बाकीच्यांना हा नियम लागू आहे. दरवर्षी कोणीतरी मुलाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतं आणि तिथल्याच शाळेत बारावीला नाव घालतं. सुरगाणा-पेठच्या पट्ट्यातली काही मुलं गुजरातमधल्या शाळेत जातात. त्या मुलांचा राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांवरचा हक्क तिथेच अडचणीत येतो. कोटाला शिकायला जायचं असेल तर जा, पण बारावीचं नाव कुठे आहे आणि ते खरं आहे का, हे आधी पाहा. कागदावर एका कॉलेजात आणि प्रत्यक्षात दुसरीकडे, असल्या डमी प्रवेशाला मी कायम विरोध करत आले आहे. हजेरीची तपासणी झाली की भोगावं लागतं ते मुलाला.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के लागतात आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं.

फाइल

एक जाड प्लास्टिकची फाइल आणा आणि अकरावीच्या दिवाळीपर्यंत ती भरायला घ्या. आत काय हवं ते सांगते.

दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र. शाळा सोडल्याचा दाखला. आधार. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. तो सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून, नाहीतर घरबसल्या आपले सरकार पोर्टलवरून निघतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ज्या प्रवर्गांना लागतं त्यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे अकरावीत काढलेलं प्रवेशाच्या वेळी चालेलच असं नाही. प्रवेशाच्या वर्षी चालणारं आहे ना, हे तारीख वाचून तपासा.

जात वैधतेवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. जातीचा दाखला म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही हे समिती पुरावे पाहून ठरवते आणि मग वैधता प्रमाणपत्र देते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि ओबीसींसाठी जिल्हा समिती आहे, तिचं काम नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात चालतं. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, आदिवासी विकास विभागाची. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र जोडायचं. हे पत्र अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलाला मिळतं, म्हणून हीच वेळ योग्य.

पुरावा किती जुना हवा, हे प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे तुमच्या दाखल्याने भागत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन आजोबांच्या नावाचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा, आत्या-आजी यांची नोंद शोधा. तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूची जुनी नोंद मिळते, ती पुष्कळदा मोडी लिपीत असते आणि तिचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या किंवा चुलत नातेवाइकाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, काम बरंच सोपं होतं. हे कागद गोळा करायला दोन-तीन महिने सहज जातात. म्हणूनच मी अकरावी म्हणते.

मराठा समाजातल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा १० टक्क्यांचा प्रवर्ग आला, पण केंद्राच्या यादीत तो नाही. देशपातळीवरच्या जागांसाठी तोच मुलगा खुल्या प्रवर्गात धरला जातो किंवा निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि कुटुंबाची शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी हवी. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत पाच एकर पुष्कळांची असते आणि उत्पन्न मात्र काहीच नसतं, तरी निकष तो निकष. ओबीसींनीही लक्षात ठेवा, केंद्रासाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो. राज्याचा दाखला तिथे जोडला तर तो नाकारला जातो. म्हणून दोन्ही नमुन्यांत काढून ठेवा.

आणि नावं जुळवा. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. तेवढं चालतं. पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असेल, वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर असेल, तर दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या.

नीटचा अर्ज

अर्ज साधारण फेब्रुवारीत सुटतो. २०२५ मध्ये ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होता. तो सायबर कॅफेत भरायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. निकालानंतर पासवर्ड हवा असतो तेव्हा दुकान बंद असतं. पासवर्ड कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची फी १७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसची १६००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांची १००० होती.

प्रवर्गाच्या रकान्यात केंद्राच्या यादीप्रमाणे भरायचं, राज्याचा प्रवर्ग पुढे राज्याच्या अर्जात येतो.

भाषा निवडताना विचार करा. नीट तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते आणि सोबत इंग्रजी मजकूर असतो. भाषांतरात फरक आढळला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने मराठी निवडायला मुळीच संकोच करू नये. पण तयारीत संज्ञा दोन्ही भाषांत पाठ हव्यात, कारण पुढे एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीतच आहेत. मी मुलांना एक वही करायला लावते. डाव्या बाजूला वृक्क, यकृत, प्लीहा, उजव्या बाजूला किडनी, लिव्हर, स्प्लीन. अकरावीत सुरू केलेली वही बारावीत दोनशे पानांची होते.

अभ्यासाबद्दल मोजकं

एकूण १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे अर्धी परीक्षा, आणि ते जवळजवळ सगळे एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतल्या ओळींतून, आकृत्यांच्या खालच्या मजकुरातून येतात. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही क्लासचे मॉड्यूल एनसीईआरटी तीनदा वाचून झाल्याशिवाय उघडू नका. आपल्या मुलांचं घोडं भौतिकशास्त्रात अडतं, म्हणून रोजचा पहिला ताजा तास त्याला द्या. आणि दर रविवारी दुपारी दोन ते पाच, परीक्षेच्याच वेळेत, ओएमआर शीटवर पेनने गोल भरत एक जुना पेपर सोडवा. गोल भरायला किती वेळ जातो ते वहीत सोडवताना कळत नाही.

परीक्षेचा दिवस

दीड वाजता गेट बंद होतं आणि मग कोणाचंही ऐकत नाहीत. केंद्र आदल्या दिवशी जाऊन पाहून या. अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे, चप्पल, प्रवेशपत्र, फोटो ओळखपत्र, पारदर्शक बाटलीत पाणी. दागिने, घड्याळ घरी. कळवण-सटाण्याकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नाशकात नातेवाइकांकडे मुक्कामाला यावं.

निकालानंतर: गुण सोडा, रँक पाहा

२०२४ मध्ये गुण फुगले होते. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याचेही ६८६ गुण होते. म्हणून शेजारच्या दादाला साडेपाचशेला मिळालं नाही तर मला कसं मिळेल, ही तुलना निरर्थक आहे. रँकची रँकशी तुलना करा, आणि राज्यात राज्य गुणवत्ता क्रमांकाची.

पात्र होणं आणि जागा मिळणं यांतही अंतर आहे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलं बसली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. पेढे वाटायला हरकत नाही, पण त्या १४४ ला एमबीबीएसची सरकारी जागा नाही.

आता दोन दारं उघडतात. एक दिल्लीचं, म्हणजे एमसीसी, केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी. देशभरातल्या राज्य सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा, शिवाय एम्स, जिपमर आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं तिथून भरतात. दुसरं मुंबईचं, म्हणजे राज्य सीईटी कक्ष. सरकारी महाविद्यालयांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी महाविद्यालयं तिथून भरतात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळं वेळापत्रक. नीट दिली म्हणजे आपोआप नाव लागतं असं समजून घरी बसलेलं कुटुंब मला दर दोन-तीन वर्षांनी भेटतंच. एमसीसीकडे १५ टक्क्यांच्या जागांसाठी खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि आरक्षितांना ५,००० रुपये अनामत ठेवावी लागते, अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. फेऱ्या एकमेकांत गुंतलेल्या असतात. ठरावीक फेरीनंतर एका दारातून आत गेलात की दुसरं बंद होतं. ती फेरी कोणती, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं, आणि ते माहितीपत्रक आईवडिलांपैकी एकाने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे.

पसंतीची यादी

या टप्प्यावर मुलं माझ्या घरी वही घेऊन येतात आणि आम्ही दोन-दोन तास बसतो. संगणक काय करतो ते समजलं की भीती जाते. तो गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी पहिल्या पसंतीपासून पाहतो आणि जिथे जागा शिल्लक आहे ती पहिली देतो. म्हणून धुळ्याची खात्री वाटते म्हणून धुळे पहिल्या क्रमांकावर टाकायचं, असं करू नका. मुंबईचं केईएम मनापासून हवं असेल तर तेच आधी लिहा. ते नाही मिळालं तरी धुळ्याची तुमची संधी तसूभरही कमी होत नाही.

उलट, जिथे मिळालं तरी जाणार नाही ते नाव यादीत घालूच नका. आणि पुढच्या फेरीत बदल मागताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगलीच नावं लिहा, कारण नवी मिळाली की जुनी जाते, परत मिळत नाही. हातातली जागा पक्की ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरून देतात. तो भरला की पुढचा बदल नाही, त्यामुळे घाईत सही करू नका.

नाशिकच्या मुलाची यादी करताना जवळचे पर्याय असे: नाशिकचं सरकारी महाविद्यालय, जे २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा नव्या सरकारी महाविद्यालयांपैकी आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची सरकारी महाविद्यालयं. खासगीत आडगावचं डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय आणि घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी. पूर्वी राज्यात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तो २०२० मध्ये रद्द झाला. आता लातूर-नांदेडची मुलं नाशकात येतात आणि आपली तिकडे जातात. घराजवळ हवं हा हट्ट एमबीबीएसपुरता तरी सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अभिमत विद्यापीठं सोडली तर राज्यातल्या बहुतेक सगळ्या महाविद्यालयांची पदवी शेवटी म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाचीच असते. निवडताना रुग्णालयात रुग्ण किती येतात ते विचारा. जुन्या सरकारी रुग्णालयात हात बसतो.

पैसे

सरकारी महाविद्यालयाची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात असते. खासगीत राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती अनेक ठिकाणी सात-आठ लाखांच्या पुढे जाते. संस्था कोट्यात त्याच्या कितीतरी पट. हे आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयानुसार मिळतात, ते पाहूनच यादी करा.

मुलींच्या पालकांनी हे नक्की वाचावं: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत, त्याही तिथेच. मुलींच्या या शुल्कमाफीत वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र येत नाही.

सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र असतं, ते मोडलं तर दहा लाख भरावे लागतात. मी मुलांना सांगते, ते वर्ष करा. पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची वाट पाहणारी माणसं आहेत, आणि तुम्हालाही त्या वर्षात खूप शिकायला मिळतं.

जुलैपासून "सीट करून देतो" म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. तुमचा नंबर त्यांना कुठून मिळाला याचा विचार करत बसू नका, फोन ठेवा. खासगी महाविद्यालयाच्या संस्था कोट्यातल्या जागाही गुणवत्तेने आणि अधिकृत फेऱ्यांतूनच भरतात. रोख पैसे आणि कोरे धनादेश कोणालाही देऊ नका.

परदेशाचा विचार असेल तर नीट पात्रता तिथेही लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा. परत आल्यावर परवाना परीक्षा आणि इथेही एक वर्ष इंटर्नशिप. एजंटच्या माहितीपुस्तिकेत यातलं काय लिहिलं आहे ते तपासा. लिहिलेलं नसेल तर तिथून उठा.

एमबीबीएस नाही मिळालं तर

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी या सगळ्यांना नीटचेच गुण लागतात आणि पंचवटीतच आयुर्वेद आणि दंत महाविद्यालयं आहेत. मनापासून आवडत असेल तर बीएएमएस घ्या. दुय्यम म्हणून, तोंड पाडून घेऊ नका, कारण तसं घेतलेलं साडेपाच वर्षं ओढवत नाही. पुन्हा नीट द्यायची असेल तर प्रयत्नांवर मर्यादा नाही. पण मुलाला विचारा, आणि त्याचं उत्तर ऐका. एक वर्ष मी समजू शकते. तिसऱ्या वर्षी खोलीतून बाहेर न येणाऱ्या मुलाला अभ्यासापेक्षा माणसांची गरज असते, त्याला आधी समुपदेशकाकडे न्या.

रिपोर्टिंगच्या दिवशी

जागा लागल्यावर महाविद्यालयात हजर व्हायला थोडेच दिवस मिळतात आणि मधे रविवार किंवा सुट्टी येते. मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स, सांगितलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, आणि मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं आधीच तयार असू द्या. फी धनाकर्षाने (डीडीने) घेतात की ऑनलाइन, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. मूळ कागद तिथे जमा होतात आणि लवकर हातात येत नाहीत, म्हणून आदल्या रात्री एकेक पान स्कॅन करून आईच्या, वडिलांच्या आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची पोच लिहून घ्या आणि ती पोच त्याच फाइलमध्ये परत लावा.